जर्मनीचा वर्क व्हिसा : ऑफर आलीये, कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

टॉर्करेंच | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा.

मी ३४ वर्षांचा. बीई मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ, २०१३. चाकणला एका कंपनीत ब्रेक टेस्टिंगमध्ये आहे, एकूण अनुभव १२ वर्षं. जूनमध्ये गंमत म्हणून श्टुटगार्टच्या बाजूच्या एका छोट्या कंपनीत अर्ज टाकला होता. तीन मुलाखती ऑनलाइन झाल्या आणि परवा चक्क ऑफर आली. कंपनी दीडेकशे माणसांची. गाव एवढंसं की नकाशा दोनदा मोठा केल्याशिवाय दिसत नाही.

अडचण अशी की त्यांनी आजवर भारतातून कुणाला घेतलेलंच नाही. एचआरच्या बाई फार चांगल्या आहेत, पण त्यांनी मलाच मेल टाकलाय, ‘व्हिसासाठी आमच्याकडून काय हवं ते सांगा.’ म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट विचारायची.

ऑफर वर्षाला ४७,००० युरो. घरी बायको (शाळेत शिक्षिका) आणि साडेचार वर्षांची मुलगी. डेक्कनला एक एजंट गाठला, त्यानं साडेतीन लाख सांगितले. ‘फाइल आम्ही बनवू, तुम्ही फक्त सह्या करा.’ घरच्यांचं म्हणणं, देऊन टाक, डोक्याला ताप नको. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे. राजीनामा आता देऊ की व्हिसा आल्यावर? ब्लू कार्ड (पदवीधरांसाठीचा नोकरी-वास्तव्याचा परवाना) म्हणतात ते मला मिळेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

म्युनिकची मावशी | १५ सप्टेंबर, सकाळी १०.०५

अभिनंदन रे! पहिलं काम, त्या एजंटला लांबून नमस्कार कर आणि घरी ये. साडेतीन लाखांत तो करणार काय, तर तुझ्याकडूनच कागद मागवून पोर्टलवर चढवणार. व्हिसाची फी ७५ युरो आहे. बाकीचे पैसे तुझ्या ‘डोक्याला ताप नको’चे.

राजीनामा आत्ता मुळीच देऊ नकोस. पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग दे. जर्मन कंपन्यांना तीन महिन्यांच्या नोटिशीचं काही वाटत नाही, इथेही तशीच पद्धत आहे.

आणि ऑफर लेटर पुन्हा एकदा नीट वाच. त्या ४७,०००मध्ये पक्के किती आणि ‘झाले तर’ किती?

---

टॉर्करेंच | १५ सप्टेंबर, दुपारी १.३०

मावशी, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आता नीट वाचलं. ४३,००० फिक्स आणि ‘कंपनीच्या वार्षिक निकालावर अवलंबून’ ४,००० पर्यंत. मी सरळ बेरीज करून मोकळा झालो होतो.

---

अभ्यासू बगळा | १५ सप्टेंबर, दुपारी ४.१२

मग तुमचं ब्लू कार्ड ७५९ युरो ८० सेंटसाठी अडलंय.

ब्लू कार्डला पगाराच्या दोन पायऱ्या आहेत. २०२५ सालासाठी सर्वसाधारण पायरी ४८,३०० युरो. ज्या व्यवसायांत माणसं कमी आहेत (इंजिनिअर त्यात येतात, आयटीवाले, डॉक्टरही येतात) किंवा ज्यांची पदवी तीन वर्षांच्या आतली आहे, त्यांच्यासाठी ४३,७५९.८०. हिशेबात पक्का पगारच धरतात. कंपनीला फायदा झाला तर मिळणारा बोनस यात मोजत नाहीत. तुमचे ४३,००० खालच्या पायरीलाही पुरत नाहीत.

आता खरी मेख. हे आकडे दरवर्षी १ जानेवारीला बदलतात, कारण ते जर्मन पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेवरून काढलेले असतात. मोठी पायरी त्या मर्यादेच्या ५० टक्के, छोटी ४५.३ टक्के. यंदा मर्यादा ९६,६०० आहे. पुढच्या वर्षी ती १,०१,४०० करण्याचं घाटतंय. गुणाकार केला तर छोटी पायरी ४५,९३४.२० होते. म्हणजे एचआरनं आज तुमचा पगार मोठ्या मनानं ४४,००० केला आणि निर्णय जानेवारीत लागला, तर तुम्ही परत खाली. मागायचंच आहे तर ४६,०००च्या वर, आणि तेही फिक्स मागा. त्यांच्या खिशाला फरक नाही, व्हेरिएबलमधलाच तुकडा इकडचा तिकडे करायचाय.

आणखी एक. छोट्या पायरीवर जाताना जर्मनीच्या रोजगार खात्याची मंजुरी लागते. पगार तिथल्या माणसाइतकाच देताय ना, हे ते बघतात. कंपनीनं ही मंजुरी आधीच काढून ठेवली तर पुढे बराच वेळ वाचतो. एचआर बाईंना ‘फोरआबत्सुश्टिमुंग’ हा शब्द पाठवा, पुढचं त्यांना शोधता येईल.

---

अभ्यासू बगळा | १५ सप्टेंबर, दुपारी ४.१३

प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला.

---

खडूस | १५ सप्टेंबर, रात्री ९.५०

सगळे पायऱ्या मोजण्यात गुंग आहेत म्हणून विचारतो. गाड्यांचा धंदा, तोही जर्मनीत, तोही आत्ता? फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरवलंय. त्यांच्या जिवावर जगणारे छोटे पुरवठादार काय सुखात असतील? पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी बसवता येतं. बायकोची नोकरी सोडवून, पोरीची शाळा बदलून जायचं आणि मार्चमध्ये परत चाकण. बघा बुवा.

---

म्युनिकची मावशी | १५ सप्टेंबर, रात्री १०.३०

खडूसराव नावाला जागले, पण म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. टॉर्करेंच, मुलाखतीत विचारलं असशीलच, नसेल तर आता विचार की ही जागा नवी आहे का कुणी गेल्यामुळे रिकामी झाली आहे, आणि त्यांचे ग्राहक किती. एकाच मोठ्या कंपनीवर जगणारा पुरवठादार असेल तर जरा जपून.

नोकरी गेलीच तर लगेच विमानात बसवत नाहीत. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं, नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. बेरोजगारी भत्त्यासाठी मात्र आधी १२ महिने हप्ते भरलेले लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी ती उशी नाही. माझा सल्ला, सहा महिन्यांचं प्रोबेशन होईपर्यंत तू एकटा राहा. बायकोनं नोकरी सोडू नये. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता, आम्ही तिघं एकदम आलो आणि पहिला हिवाळा एका खोलीत, दोन सुटकेसांवर जेवणाचं ताट ठेवून काढला.

---

पुन्हा अर्ज | १६ सप्टेंबर, सकाळी ८.२०

माझा २०२४ मध्ये नकार आला होता. कारण पगाराचं नव्हतं, पदाचं होतं. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि कंपनीनं फॉर्ममध्ये कामाचं वर्णन दोन ओळींत ‘ग्राहकांशी समन्वय’ असं लिहिलेलं. खरं काम सर्किट डिझाइनचं होतं. अधिकाऱ्यानं जे लिहिलंय तेच वाचलं, त्याचा काय दोष. कंपनी जो कामाविषयीचा जाहीरनामा भरते (‘एर्कलेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’, दम लागतो म्हणताना) तो पाठवण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. कामाचे तास, सुट्ट्या, पगार, कामाचं वर्णन सगळं कराराशी जुळलं पाहिजे.

तेव्हा नकारावर फुकट फेरविचार मागता यायचा, मी तो मागितला आणि चार महिन्यांनी व्हिसा मिळाला. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झालीये. आता एक तर नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून पहिल्याच फेरीत चोख जा.

---

टॉर्करेंच | १९ सप्टेंबर, रात्री ११.१५

सर्वांचे मनापासून आभार. एचआर बाईंना बगळेसाहेबांचा हिशेब जसाच्या तसा पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही, माझी झोप उडाली. आज मेल आला, ४६,५०० फिक्स, व्हेरिएबल ५००. ‘आम्हाला हा नियम ठाऊक नव्हता, धन्यवाद’ असंही वर लिहिलंय. खडूसभाऊ, विचारलं. ग्राहक सात आहेत, त्यातले दोन रेल्वेवाले. जागा निवृत्तीमुळे रिकामी झाली, त्या काकांचं वय ६६.

आता पदवीचा घोळ. आनाबिन नावाच्या साइटवर (परदेशी विद्यापीठं आणि पदव्या जर्मनीत मान्य आहेत का, याची यादी) बघायला सांगतात. साइट जर्मनमध्ये. माझ्या सर्टिफिकेटवर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ आहे, २०१४ मध्ये नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. कॉलेजचं नाव शोधलं तर सापडतच नाही.

---

अभ्यासू बगळा | २० सप्टेंबर, सकाळी ७.४५

कॉलेज शोधूच नका. पदवी विद्यापीठ देतं, संलग्न कॉलेज नाही. देश भारत निवडा, मग शहरानं चाळा. संस्थेसमोर ‘एच प्लस’ (म्हणजे मान्य संस्था) दिसलं पाहिजे. हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं लोक विसरतात. पदवीचा वेगळा शोध असतो, त्यात तुमचा अभ्यासक्रम शोधून तिथे ‘एंटश्प्रिश्ट’ (जुळते) किंवा ‘ग्लाइशवेर्टिग’ (समकक्ष) यांपैकी एक शेरा हवा. दोन्ही पानांच्या प्रती काढून अर्जाला जोडा.

एखाद्याची पदवी सापडली नाही तर बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला घ्यावा लागतो. फी २०८ युरो, आणि ब्लू कार्डची ऑफर हातात असेल तर त्यांच्याकडे काम लवकर होतं.

---

डिप्लोमावाला | २० सप्टेंबर, दुपारी १२.१०

धाग्यात घुसतोय, राग मानू नका. माझा नुसता एमएसबीटीईचा मेकॅनिकल डिप्लोमा, ९ वर्षं सीएनसीवर. आम्ही कुठे?

---

अभ्यासू बगळा | २० सप्टेंबर, दुपारी २.३०

ब्लू कार्ड नाही, पण दार पूर्ण बंदही नाही. मार्च २०२४ पासून अनुभवी लोकांसाठी एक वाट काढलीये. किमान दोन वर्षांचं, आपल्या सरकारनं मान्य केलेलं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि पगार यंदा ४३,४७० च्या वर. तेवढा पगार सीएनसीवर देणारी कंपनी मिळवणं हाच त्यातला अवघड घाट. पगार कमी असेल तर आधी तुमच्या डिप्लोमाला तिथल्या कारागिरी प्रशिक्षणाशी मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे टॉर्करेंच चेंगरतील.

---

सांगलीकर | २१ सप्टेंबर, रात्री ८.००

चेंगरणारच आहेत तर मीपण. भाची जीएनएम नर्स आहे, मिरजेत तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये. एक जण म्हणतोय भाषा लागत नाही, सहा लाख द्या, दोन महिन्यांत जर्मनी. दाजी शेताचा तुकडा काढायला निघालेत. काय करावं?

---

केळफूल | २१ सप्टेंबर, रात्री ११.५५

दादा, दाजींना आज रात्रीच फोन करा. जमीन विकू देऊ नका.

मी कोल्हापूरची, बीएस्सी नर्सिंग, जर्मनीत चार वर्षं झाली. ‘भाषा लागत नाही’ म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाही तर त्याला ओ की ठो कळत नाही. नर्सचं काम इथे नियमबद्ध आहे. सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय नर्स म्हणून कामच करता येत नाही, आणि मान्यतेसाठी बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते (ए-वन सर्वांत खालची, मग ए-टू, बी-वन, बी-टू). आधी कागद राज्याच्या मान्यता कार्यालयाकडे जातात, ते सांगतात तुमच्या शिक्षणात काय कमी आहे. मग परीक्षा द्या किंवा प्रशिक्षण पूर्ण करा. तोवर मदतनीस म्हणून काम, पगारही मदतनिसाचा. मी दहा महिने मदतनीस होते. आजीबाईंना अंघोळ घालताना त्यांच्या श्वाबियन बोलीतलं एक अक्षर कळायचं नाही. बी-टूचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि मी गप्प.

आणखी एक लक्षात ठेवा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला एजंटाकडे परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, ई-मायग्रेट साइटवर नाव तपासता येतं. परवानाधारकालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सहा लाख कसले मागतोय तो? महाराष्ट्र सरकारनंही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची चौकशी करा. इथली बरीच हॉस्पिटलं भाषा शिकवायचा खर्च स्वतः करतात, मुलीनं पैसे भरायचे नसतात.

भाचीला म्हणावं आधी ए-वन, ए-टू करून बघ. भाषा आवडली नाही तर इथलं आयुष्य फार लांब वाटतं.

---

सांगलीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ६.३०

फोन केला. दाजी चिडलेत माझ्यावर, पण थांबलेत. त्या माणसाला परवाना क्रमांक विचारला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. ताई, तुमचे उपकार.

---

टॉर्करेंच | ११ ऑक्टोबर, रात्री १०.२०

धागा चेंगरला तरी चालेल, केळफूलताईंचा प्रतिसाद वाचून बायकोनं चुपचाप जर्मनचा क्लास लावला. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये माहिती काढली होती, वेळ जमेना, शेवटी ऑनलाइन.

आता नवा करार आला. पगार बरोबर, तारीख १ मार्च २०२६, ‘व्हिसा मिळाल्यास’ ही अटही आहे. सही करायला पेन उघडलं आणि बघतो तर करार माझ्या नावानं नाहीच. बाबांच्या नावानं आहे!

झालं असं. पुणे विद्यापीठाच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. मार्कशीटवर आईचं नावही वेगळ्या रकान्यात. एचआर बाईंनी सर्टिफिकेटवरचा शेवटचा शब्द आडनाव समजून घेतला. त्यामुळे कराराच्या पहिल्या ओळीत ‘हेर’ (म्हणजे श्री.) आणि पुढे बाबांचं नाव. बाबांना दाखवलं. म्हणाले, ‘७१व्या वर्षी नोकरी लागली, पगार बरा आहे, पण थंडी मला झेपणार नाही, नाही म्हणून कळव.’

---

म्युनिकची मावशी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.००

हसून हसून चहा सांडला! पण लगेच दुरुस्त करून घे, आणि करारच नाही, तो जाहीरनामाही बघ, तिथेही बाबाच बसले असणार. पासपोर्टमध्ये ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ या रकान्यांत जे छापलंय तेच सगळीकडे. एचआरला पासपोर्टचं पहिलं पान पाठव आणि सांग, हेच प्रमाण. आपल्या नावांची उतरंड इथे कुणालाही कळत नाही. माझ्या नवऱ्याच्या नावानं डॉक्टरकडे तीन फायली निघाल्यात.

---

चकली | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

बायकोच्या बाजूनं लिहिते, कारण मी त्या बाजूनं आले.

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी ए-वनची अट नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे. हे कागदावर खरं आहे. पण वहिनी शिक्षिका आहेत ना? शाळेतलं शिक्षण हा इथे नियमबद्ध पेशा आहे, भाषा फार वरची लागते. मी पुण्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. इथे पहिली नोकरी बालवाडीत मदतनीस, दोन वर्षं भाषा शिकल्यावर. वाईट नव्हती, पण पहिले काही महिने घरी बसून मी नवऱ्याशी खूप भांडले. त्याला ऑफिसमध्ये माणसं होती, मला फक्त खिडकी. रविवारी सगळं बंद असतं हे तर कुणी सांगितलंच नव्हतं.

कागदाचं म्हणाल तर लग्नाचा दाखला बघून घ्या. माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर तिसरंच. निघण्याआधी हे निस्तरायला महापालिकेत चार खेपा झाल्या. तुम्ही मार्चमध्ये निघाल तेव्हा वहिनींचे कागद तयार हवेत, मग त्या सप्टेंबरमध्ये आल्या तरी हरकत नाही.

---

टॉर्करेंच | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

ताई, बायकोला वाचायला दिलं. तिनं शेवटचा परिच्छेद वाचून दाखल्याची फाइल काढली आणि मधला वाचून मला म्हणाली, ‘बघ, मी आधीच सांगितलं होतं.’ काय सांगितलं होतं ते मला आठवत नाही.

---

रुमाल टाकून | १३ ऑक्टोबर

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

---

टॉर्करेंच | ९ डिसेंबर, रात्री ११.००

बरेच दिवस गायब होतो. करार दुरुस्त होऊन आला, रोजगार खात्याची आगाऊ मंजुरी कंपनीनं काढली. फास्ट ट्रॅक नावाचा प्रकार आहे, कंपनीनं तिथल्या कार्यालयात ४११ युरो भरले की सगळं लवकर हलतं. आमच्या कंपनीनं तो घेतला नाही, मीही आग्रह धरला नाही.

जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर कागद चढवले. त्यांनी एकदा परत पाठवले, कारण आनाबिनची दुसरी प्रत जोडायची राहून गेली होती. बगळेसाहेब, तुम्ही लिहिलं होतं, तरी राहिली. मग मुंबईची तारीख मिळाली. पहाटेच्या गाडीनं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कागद पाच मिनिटांत लावले आणि फोटोवर अडली. माझा फोटो दीड वर्षापूर्वीचा, त्यात मी मिशी ठेवलेली. खाली जाऊन नवा काढला, ३५ बाय ४५, चेहरा दगडासारखा. प्रवासापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा आरोग्य विमा मागितला, तो होता. बोटांचे ठसे, ७५ युरोंचे रुपये, पावती. बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि प्रचंड भूक लागली होती.

---

खडूस | १० डिसेंबर

बगळ्याचा आकडा बरोबर निघाला हो. २०२६साठी छोटी पायरी ४५,९३४.२०च. ४४,०००वर सही केली असतीस तर आता रडत बसला असतास. मी कुणाचं कौतुक करत नाही, हे अपवाद समजा.

---

टॉर्करेंच | १६ जानेवारी २०२६, सायंकाळी ६.१०

आला!!! स्टिकरवर माझंच नाव आहे, दोनदा बघितलं. राजीनामा आज दिला. नोटीस तीन महिने असल्यानं मार्च जमत नाही, एचआरनं १ मे करून दिलं. आता सामानात काय न्यावं?

---

म्युनिकची मावशी | १६ जानेवारी, रात्री ८.००

वा रे वा! अभिनंदन!

सामान? कुकर आण, दोन शिट्ट्या जास्तीच्या आण. गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी बिनधास्त. पेढे, आंबा बर्फी, साजूक तूप नको. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून टाकतात. आमच्या सासूबाईंचं दोन किलो तूप फ्रँकफर्टला गेलं, त्या अजून जर्मन सरकारवर रागावल्या आहेत.

घर घेताना बघ, ‘काल्टमिटे’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्ममिटे’ म्हणजे पाणी, हीटर धरून. अनामत तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्यापेक्षा जास्त कायद्यानं मागता येत नाही. आणि बऱ्याच रिकाम्या घरांत स्वयंपाकघरच नसतं, भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ असतात फक्त. आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. तू गाड्यांतला माणूस म्हणून सांगते, आपलं लायसन्स सहाच महिने चालतं. मग लेखी आणि चालवायची अशा दोन्ही परीक्षा नव्यानं.

---

अभ्यासू बगळा | १७ जानेवारी

अभिनंदन. भाषेचं मनावर घ्या. ब्लू कार्डवर बी-वन झालं तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७. कुटुंब भारतात असेपर्यंत तुम्ही कर वर्ग एकमध्ये राहाल, हातात महिन्याला साधारण अडीच हजार युरोंच्या आसपास येतील. पहिला पगार बघून दचकू नका.

---

टॉर्करेंच | २४ मे २०२६, रात्री १०.४५

गावातून लिहितोय. नोकरी छान. ६६ वर्षांचे ते काका निवृत्त व्हायचे राहिलेत, मला शिकवायला आणखी दोन महिने थांबलेत. स्वतः कॉफी करून आणतात आणि मी ‘डांके’ म्हटलं की माझा उच्चार दुरुस्त करतात.

एक गोष्ट सांगायची म्हणून आलो. पत्त्याची नोंदणी पाचव्या दिवशी झाली. मग कर क्रमांकाचं पत्र टपालानं यायचं होतं. दोन आठवडे झाले, पत्र नाही. पगाराच्या बाई रोज विचारतात, क्रमांकाशिवाय सर्वांत वरच्या दरानं कर कापावा लागेल म्हणतात. शेवटी शेजारच्या आजीबाईंनी हाताला धरून खाली नेलं आणि टपालपेट्या दाखवल्या. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. माझ्या पेटीवर नाव होतं. घरमालकानं सुबक छापून चिकटवलेलं. कंपनीनं ऑक्टोबरमध्ये त्याला घरासाठी पहिला मेल केला होता, त्यातलं नाव.

बाबांचं.

मालकाला सांगितलं तर तो ओशाळला आणि काढायला निघाला. म्हटलं राहू द्या, खाली माझंही लावा. आता पेटीवर दोन पट्ट्या आहेत. काल पत्र आलं. पेटीचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, ‘भाडं कुणाच्या नावावर आहे?’